डीव्हीडी पाहून फलंदाजी शिकता येते का? एका वडिलांच्या प्रश्नाला उत्तर

नमस्कार. तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही जिंतूर तालुक्यातल्या एका गावात राहता. तुमचा मुलगा १२ वर्षांचा आणि उजव्या हाताने खेळणारा आहे. गावात टेनिस बॉलचे सामने पुष्कळ होतात, पण सीझन बॉलने, म्हणजे कातडी कठीण चेंडूने, शिकवणारे कोणी नाही, आणि शेतीच्या कामांमुळे त्याला रोज परभणीला आणणे-नेणे तुम्हाला शक्य नाही. दिवाळीत त्याच्या मामांनी फलंदाजीच्या तंत्रावरच्या इंग्रजी डीव्हीडींचा एक संच त्याला दिला. तेव्हापासून तो रोज तास-दीड तास त्या पाहतो, टीव्हीसमोर उभा राहून प्रत्येक फटका हुबेहूब करून दाखवतो, आणि मैदानात मात्र दोन-चार चेंडूंत त्रिफळाचीत होऊन परततो. पूर्वी तो याहून बरा खेळत असे, हे तुमचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. या डीव्हीडींचा काही उपयोग आहे की त्या बंद कराव्यात, असे तुम्ही विचारले आहे.

त्या बंद करू नका. त्या पाहण्याची रीत आणि पाहण्याचा वेळ मात्र बदलावा लागेल. मी परभणीत गेली २४ वर्षे मुलांना नेटमध्ये फलंदाजी शिकवतो. सुरुवातीच्या वर्षांत आमच्याकडेही अशा तबकड्या होत्या, त्या वेळी व्हीसीडी. भारनियमनाची वेळ चुकवून आम्ही एका पालकांच्या घरी पंधरा-वीस मुलांना बसवून त्या दाखवत असू. त्यांतल्या एका मुलाने कव्हर ड्राइव्ह असा काही उचलला होता की समोर चेंडू नसतानाही तो पाहत राहावासा वाटे. उन्हाळी सुट्टीतल्या सामन्यांत तोच मुलगा सहा डावांत चार वेळा बॅट आणि पॅड यांच्यामधल्या फटीतून त्रिफळाचीत झाला. मी त्याला पाय, कोपर, खांदा यांविषयी सांगत राहिलो. वास्तविक ते सगळे जागच्या जागी होते. दोष दुसरीकडे आहे हे समजायला मला एक पूर्ण हंगाम लागला, आणि त्या हंगामात त्या मुलाचा आत्मविश्वास गेला, याचे मला आजही वाईट वाटते.

दोष असा होता. शिकवणीच्या चित्रफितीत फटक्याचे नाव आधी सांगितले जाते आणि त्या फटक्याला साजेसा चेंडू नंतर येतो. शिक्षक म्हणतो की आता आपण कव्हर ड्राइव्ह पाहू. मग कोणीतरी ऑफस्टंपच्या थोडा बाहेर, बॅटच्या पुढ्यात पडेल असा चेंडू हाताने टाकतो किंवा यंत्रातून सोडतो, आणि काय येणार हे ठाऊक असलेला फलंदाज तो सुंदर मारतो. मैदानात हा क्रम उलटा असतो. तिथे चेंडू आधी येतो, तो कुठे पडणार हे ओळखावे लागते आणि फटका त्यानंतर निवडावा लागतो. तुमचा मुलगा पूर्वी चेंडू पाहून जमेल तशी त्याला बॅट लावत होता. आता तो मनात एखादा फटका घेऊनच क्रीजवर जातो, गोलंदाजाचा हात फिरायच्या आत त्याचा पुढचा पाय निघालेला असतो, आणि चेंडू त्या फटक्याच्या जागी पडला नाही की बॅट एकीकडे आणि चेंडू दुसरीकडे जातो. त्याने जे शिकले ते खरे आहे, पण ते अर्धे आहे. उरलेले अर्धे कोणीतरी चेंडू टाकल्याशिवाय शिकता येत नाही.

मुलाला खेळताना मी पाहिलेले नाही, त्यामुळे काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे आधीच मान्य करतो. तो दोन-चार चेंडूंत बाद होतो ते टेनिस बॉलवर की सीझन बॉलवर, मुरमाच्या मैदानात की सिमेंटच्या पट्टीवर, त्याच्याच वयाच्या गोलंदाजासमोर की वीस-बावीस वर्षांच्या तरुणासमोर, यावर पुष्कळ काही ठरते. मोठ्या मुलांच्या वेगासमोर तो गोंधळत असेल, तर तो तंत्राचा प्रश्न नसून वयाचा आहे आणि त्याची काळजी करू नये. बॅट मोठी असेल तर उत्तर आणखी वेगळे होईल. त्याबद्दल पुढे लिहितो. परंतु त्याचा खेळ नेमका या दोन-तीन महिन्यांत बिघडला, यावरून मूळ कारण मी वर सांगितले तेच असावे, असे मला वाटते.

निवड करायला वेळ किती मिळतो याचा हिशेब एकदा मांडून पाहा. खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे २०.१२ मीटर लांब असते. दोन्ही बाजूंच्या क्रीजमधले अंतर १७.६८ मीटर भरते. ताशी ७५ किलोमीटर वेगाने टाकणाऱ्या शाळकरी गोलंदाजाचा चेंडू हे अंतर पाऊण सेकंदाहून थोड्या जास्त वेळात कापतो, आणि ताशी १३० किलोमीटरच्या चेंडूला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. आता तुमच्या डीव्हीडीकडे वळू. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल (PAL) पद्धतीच्या डीव्हीडीत एका सेकंदात २५ चित्रे असतात, म्हणजे दोन चित्रांमध्ये ०.०४ सेकंदाचे अंतर असते. तेवढ्या अवधीत १३० च्या वेगाचा चेंडू जवळजवळ दीड मीटर पुढे गेलेला असतो. अनेक मुले रिमोटवरचे पॉजचे बटण पुन्हा पुन्हा दाबून चेंडू बॅटला लागतो तो क्षण शोधत बसतात. तो भाग खास स्लो मोशनच्या कॅमेऱ्याने टिपलेला नसेल तर तो क्षण बहुधा त्या तबकडीवर उमटलेलाच नसतो, आणि मुलगा त्याच्या आधीचे किंवा नंतरचे चित्र खरे समजून बॅटची जागा शिकतो. पॉजचा उपयोग जिथे शरीर क्षणभर थांबते तिथे करावा: उभे राहण्याची ठेवण, बॅट मागे उचलल्यावरची वरची जागा, पुढचा पाय जमिनीला टेकतो तो क्षण, आणि फटका संपल्यानंतरचा तोल. या चार जागांसाठी २५ चित्रे पुरतात.

चेंडू ओळखणे म्हणजे नेमके काय, हे मलाही फार उशिरा कळले, आणि ते कळण्यात एका प्रयोगाची मदत झाली. मायकेल लँड आणि पीटर मॅक्लिऔड या दोन शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या दर्जाच्या तीन फलंदाजांच्या डोळ्यांची हालचाल यंत्राने टिपली आणि तिचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध केले. आपण मुलांना सांगतो की चेंडूवरची नजर हलवू नकोस. प्रत्यक्षात चांगला फलंदाजही चेंडूचा सतत पाठलाग करत नाही. चेंडू सुटताना तो क्षणभर त्याच्याकडे पाहतो, मग त्याची नजर उडी मारून चेंडू जिथे पडणार त्या जागी आधीच जाऊन थांबते, आणि टप्पा पडल्यावर ती पुन्हा चेंडूला धरते. चांगल्या फलंदाजाची ही उडी लवकर होते आणि कच्च्या फलंदाजाची उशिरा. टप्प्याची जागा ओळखणे हेच फलंदाजीचे मूळ कौशल्य आहे, असा याचा अर्थ मी घेतो. गोलंदाजाच्या हातातून चेंडू सुटणे आणि टप्पा पडणे यांच्या मधला तो काळ शिकवणीच्या चित्रफितीत जवळजवळ दिसत नाही, कारण कॅमेरा फलंदाजावर रोखलेला असतो आणि चेंडू चौकटीत येतो तो थेट बॅटपाशी.

टप्पा ओळखून करायचे काय, याचे कारण मुलाला समजावून सांगा. बारा वर्षांच्या मुलाला ते नीट समजते. टप्पा पडल्यावर चेंडूने दिशा बदलली, तर त्यानुसार बॅट वळवायला कसलेल्या फलंदाजालाही सेकंदाचा साधारण पाचवा भाग लागतो. शाळकरी गोलंदाजाचा चेंडू टप्प्यानंतर सेकंदाला १८ मीटर वेगाने येत असेल, तर तेवढ्या वेळात तो जवळपास साडेतीन मीटर अंतर कापतो. म्हणून बॅटच्या अगदी जवळ पडणाऱ्या चेंडूकडे पुढे जाऊन तो टप्प्यावरच दाबावा, म्हणजे त्याला वळायला जागा उरत नाही. आणि दूर, आखूड पडलेल्या चेंडूसाठी मागे जावे, म्हणजे त्याचे वळणे पाहायला आपल्याला वेळ मिळतो. या दोहोंच्या मध्ये पडणारा चेंडू पुढे जाऊन गाठता येत नाही आणि मागे राहून पाहायलाही वेळ देत नाही. त्यालाच गुडलेंथ म्हणतात, आणि तिथे सरळ बॅटने बचाव करावा किंवा चेंडू यष्टींच्या बाहेर असेल तर सोडून द्यावा. पुढचा पाय, मागचा पाय, ड्राइव्ह, पुल, कट या सगळ्यांची मुळे या एका गोष्टीत आहेत. डीव्हीडीतला शिक्षक हे बहुधा सांगतही असेल. पण ते तो इंग्रजीत सांगतो आणि तुमच्या मुलापर्यंत फक्त हालचाल पोहोचते. शाळेतल्या इंग्रजीच्या सरांना एका रविवारी घरी बोलवा, त्यांच्याबरोबर एकदा संपूर्ण संच ऐका आणि प्रत्येक भागातले ‘का’ तेवढे मराठीत एका वहीत उतरवून घ्या. मुलाने यापुढे डीव्हीडी पाहताना ती वही शेजारी ठेवावी.

आणखी एक अडचण आहे, जी मी अनेक घरांत पाहिली आहे आणि जिच्याकडे कोणाचेही लक्ष जात नाही. डीव्हीडीतला उजवा फलंदाज समोरून, म्हणजे गोलंदाजाच्या बाजूने दाखवलेला असतो, तेव्हा त्याची ऑफसाइड, म्हणजे गोलंदाजाकडे पाहताना त्याच्या उजव्या हाताची बाजू, पडद्यावर आपल्या डाव्या हाताला येते. मुलगा टीव्हीकडे तोंड करून त्याची नक्कल करू लागला की पडद्यावरचा पाय डावीकडे जाताना पाहून त्याचाही पाय डावीकडे, म्हणजे त्याच्या लेगसाइडला सरकतो. शरीर आरशाप्रमाणे नक्कल करते, त्याला आपण सांगून थांबवू शकत नाही. पुढचा पाय चेंडूपासून दूर पडण्याची आणि बॅट-पॅडमध्ये फट राहण्याची सवय काही मुलांना अशीच लागलेली मी पाहिली आहे. यावर उपाय सोपा आहे. फलंदाज पाठीमागून, यष्टिरक्षकाच्या जागेवरून दाखवलेला असेल तोच भाग थेट पाहून नक्कल करावी. समोरून दाखवलेला भाग पाहायचा असेल, तर टीव्हीच्या समोर कपाटाचा मोठा आरसा येईल अशी व्यवस्था करून मुलाने आरशातले चित्र पाहावे. ते उलटलेले असल्यामुळे उजव्या मुलाला जसेच्या तसे उचलता येते. डावखुऱ्या मुलांना मात्र समोरून दाखवलेला उजवा फलंदाज आपोआप आरशासारखा उपयोगी पडतो. शेजारच्या जालन्याच्या, २०१४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताचे नेतृत्व केलेल्या विजय झोलमुळे आपल्या भागात डावखुऱ्या मुलांना मोठा हुरूप आला. तुमच्या गावात असा एखादा मुलगा असेल तर त्यालाही हे सांगा.

आतापर्यंतचे थोडक्यात सांगतो: तबकडीतून शरीराची ठेवण शिकावी, टप्प्याची ओळख चेंडू टाकून घेऊन शिकावी, आणि ठेवण शिकताना कॅमेरा कोणत्या बाजूला आहे हे आधी पाहावे.

आता ठेवणीपैकी काय पाहावे हे सांगतो. कव्हर ड्राइव्ह, पुल आणि षटकारांचे भाग सध्या बाजूला ठेवा. सुरुवात ग्रिपपासून करा. बॅट जमिनीवर पालथी ठेवून, दांडा आपल्याकडे करून, दोन्ही हातांनी कुऱ्हाड उचलतो तशी उचलली की हात बहुधा योग्य जागी पडतात. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये होणारे दोन्ही हातांचे कोन एका रेषेत, दांड्याच्या मागच्या कण्यापासून किंचित बाहेरच्या कडेकडे यायला हवेत. हे आठवडाभरात साधते. उभे राहण्यात एकच गोष्ट तपासा: दोन्ही डोळे गोलंदाजाकडे आणि एका पातळीत आहेत का. बाकीच्या तपशिलात माणसागणिक फरक असतो. डॉन ब्रॅडमन यांची ग्रिप आणि बॅट मागे उचलण्याची पद्धत पुस्तकातल्यासारखी नव्हती, सचिन तेंडुलकर दांड्यावर हात पुष्कळ खाली धरत असे, आणि शिवनारायण चंदरपॉल गोलंदाजाकडे जवळजवळ छाती करून उभा राहत असे. डीव्हीडीतल्या उंचपुऱ्या फलंदाजाची उभे राहण्याची पद्धत तुमच्या मुलाच्या अंगाला बसली नाही तर ती ओढूनताणून बसवू नका.

सर्वांत जास्त वेळ पुढच्या पायावरच्या बचावाला द्या, कारण ड्राइव्हदेखील त्याच्यातूनच निघतो. इथे मुले पायाची नक्कल करतात आणि डोके मागे राहते. डीव्हीडीत पाय टेकतो त्या चित्रावर पॉज करा आणि मुलाला विचारा की फलंदाजाचे डोके कुठे आहे. ते पुढच्या गुडघ्याच्या वर किंवा त्याच्याही किंचित पुढे दिसेल. डोके आणि पुढचा खांदा चेंडूकडे आधी निघतात आणि पाय त्यांच्या मागोमाग जातो. डोके मागे राहिले की वजन मागच्या पायावर राहते, बॅट पुढे ढकलावी लागते आणि तिच्याखालून किंवा आतून चेंडू जायला वाट मिळते. दुसरी पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे खालचा हात. बचावात तो दांडा फक्त अंगठा आणि बोटांनी हलका धरतो; काम वरचा हात करतो. टेनिस बॉलवर वाढलेल्या मुलांचा खालचा हात इतका जोरकस असतो की सरळ बॅटसुद्धा शेवटच्या क्षणी आडवी होते. त्यासाठी लिंबाच्या फांदीला दोरी बांधून जुन्या मोज्यात घातलेला चेंडू गुडघ्याच्या थोडा वर टांगा आणि मुलाला तो हलक्या हाताने सरळ मारत राहू द्या. बॅट सरळ आली तर चेंडू सरळ जाऊन सरळ परत येतो; ती आडवी आली की चेंडू गोल फिरू लागतो. शिक्षक शेजारी नसताना चूक ताबडतोब दाखवणारे याहून स्वस्त साधन माझ्या माहितीत नाही. ब्रॅडमन लहानपणी घरामागच्या पाण्याच्या टाकीच्या विटांच्या ओट्यावर गोल्फचा चेंडू आपटून तो एका स्टंपने मारत असत, हे प्रसिद्धच आहे. त्यातही शिकवणारे कोणी नव्हते, चेंडूच शिकवत होता.

डीव्हीडीत ज्याचा स्वतंत्र भाग क्वचितच सापडतो तो फटका म्हणजे चेंडू सोडून देणे, आणि मी तो मुलांना पहिल्या महिन्यातच शिकवतो. बीडमध्ये जन्मलेल्या संजय बांगर यांची ऑगस्ट २००२ मधली इंग्लंडमधल्या हेडिंग्ले कसोटीतली खेळी मी माझ्या मुलांना दरवर्षी सांगतो. ढगाळ हवेत, चेंडू हलत असताना ते सलामीला आले, राहुल द्रविड यांच्याबरोबर दुसऱ्या गड्यासाठी त्यांनी १७० धावा जोडल्या, आणि त्यांच्या स्वतःच्या धावा होत्या ६८. त्या ६८ धावांच्या मागे न खेळलेले, सोडलेले आणि मऊ हातांनी अडवलेले चेंडू किती होते हे पाहिले की मोठा डाव कसा उभा राहतो हे मुलांना कळते. भारताने तो सामना एक डाव आणि ४६ धावांनी जिंकला. दुसरे उदाहरण सचिन तेंडुलकरचे. जानेवारी २००४ मध्ये सिडनीला त्याने नाबाद २४१ धावा केल्या. त्या दौऱ्यात ऑफस्टंपच्या बाहेरच्या चेंडूंवर बाद होत असल्यामुळे त्या डावात त्याने कव्हर ड्राइव्ह जवळपास पूर्णपणे बाजूला ठेवला होता. जो फटका तुमचा मुलगा टीव्हीसमोर दिवसातून शंभर वेळा करतो, तो ज्याच्याइतका चांगला फार थोड्यांना येत होता त्याने तो दहा तासांहून अधिक काळ आवरला. मुलाला ही गोष्ट सांगा. माझ्या अनुभवात, तिचा परिणाम तंत्राच्या सूचनांपेक्षा लवकर होतो.

आपल्या मैदानांविषयीही थोडे लिहायला हवे. परदेशी चित्रफितींतले फलंदाज गवताच्या खेळपट्टीवर खेळत असतात आणि तिथे गुडलेंथचा चेंडू मांडीपर्यंत येईल असे गृहीत धरून सूचना दिलेल्या असतात. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, त्यामुळे बहुतेक ठिकाणी सिमेंटची पट्टी, तिच्यावर मॅटिंग, नाहीतर दाबलेला मुरूम. सिमेंटवरच्या मॅटिंगवर तोच चेंडू बारा वर्षांच्या मुलाच्या पोटापर्यंत उसळतो, तिथे मागच्या पायावरचा खेळ अधिक लागतो. मुरमावर तो खाली राहतो, तिथे वाकून पुढे यावे लागते. टेनिस बॉल तर दोन्हीकडे जास्त उसळतो, आणि गावच्या सामन्यांत पायचीत देत नाहीत, त्यामुळे पाय आणि बॅट जवळ ठेवण्याची गरज मुलाला कधी भासतच नाही. त्याने सामने खेळणे सोडू नये, आनंदाने खेळावे. फक्त तिथल्या धावांवरून किंवा तिथे बाद होण्यावरून त्याचे तंत्र सुधारते आहे की नाही हे ठरवू नका.

आता रोजचा क्रम. तुम्हाला क्रिकेट खेळता येत नाही असे तुम्ही लिहिले आहे. त्याने काही अडत नाही, कारण मला तुमच्याकडून फक्त चेंडू टाकून हवा आहे, आणि ते काम त्याची आई, आजोबा किंवा मोठी बहीणही करू शकते. सकाळी ऊन चढायच्या आत घट्ट चोपलेल्या खळ्यावर किंवा शाळेच्या सिमेंटच्या पट्टीवर क्रीज आखा. क्रीजपासून २ मीटरवर आणि ५ मीटरवर चुन्याच्या दोन आडव्या रेघा मारा. बारा-तेरा मीटरवरून, हात वर करून, टेनिस बॉल टाका. पहिला आठवडा मुलाच्या हातात बॅट देऊ नका. त्याने फक्त उभे राहावे आणि चेंडूचा टप्पा पडण्यापूर्वी मोठ्याने बोलावे: जवळच्या रेघेच्या आत पडणार असेल तर ‘पुढे’, लांबच्या रेघेपलीकडे पडणार असेल तर ‘मागे’, ऑफस्टंपच्या बऱ्याच बाहेरून जाणार असेल तर ‘सोड’, दोन रेघांच्या मध्ये, सरळ असेल तर ‘बचाव’. बोलण्याबरोबर पाऊलही टाकावे. चेंडू पाण्यात बुडवून टाकला तर सिमेंटवर ओला ठसा उमटतो आणि कोण बरोबर यावर वाद होत नाही. ३० चेंडू झाले की बरोबर किती ओळखले ते वहीत लिहा. माझ्याकडे येणारी मुले पहिल्या दिवशी बहुधा टप्पा पडल्यानंतर बोलतात; दहा-बारा दिवसांत शब्द टप्प्याच्या आधी येऊ लागतो, आणि तो बदल झाला की बॅट हातात दिल्यावर मुलगा वेगळाच दिसतो. या रेघांना मात्र कायमचे धरून बसू नका. गोलंदाज जसे वेगवान होतील तशा त्या फलंदाजापासून आणखी दूर न्याव्या लागतात.

बॅट दिल्यानंतरही बोलणे चालू ठेवावे. डीव्हीडीसाठी रोज दहा मिनिटे पुरेत, आणि तीही सरावाच्या आधी: एकच गोष्ट, उदाहरणार्थ पाय टेकतानाचे डोके, चार-पाच वेळा पाहायची, आरशासमोर दहा वेळा करायची आणि लगेच चेंडूवर जायचे. तीच गोष्ट दोन आठवडे. नवी गोष्ट सुरू करण्याची घाई मुलांना असते, पालकांना त्याहून जास्त असते, ती आवरा. संध्याकाळी थकलेल्या अवस्थेत तासभर पाहिलेली चित्रफीत करमणूक म्हणून चांगली आहे, सराव म्हणून तिचा उपयोग नाही.

बॅटबद्दल लिहीन असे वर म्हटले होते. पाच फुटांच्या आत-बाहेर उंची असेल तर साधारण ५ किंवा ६ नंबरची बॅट लागते. मुलाला फक्त वरच्या हाताने बॅट मागे उचलून धरायला सांगा. सावकाश दहा मोजेपर्यंत ती स्थिर राहिली नाही तर ती त्याच्यासाठी जड आहे, आणि जड बॅटने सरळ खेळणे त्याला जमणार नाही, मग डीव्हीडी कितीही पाहो. पुढे वापरायला येईल म्हणून मोठी बॅट घेऊन ठेवणे ही आपल्याकडची नेहमीची चूक आहे. सीझन बॉलचा सराव पॅड, ग्लोव्हज, गार्ड आणि हेल्मेट यांच्याशिवाय एक दिवसही करू नका. १३ वर्षांखालील मुलांसाठी १३३ ते १४४ ग्रॅमचा हलका चेंडू असतो, मोठ्यांचा १५५.९ ते १६३ ग्रॅमचा असतो. दुकानात मागताना हा फरक सांगा.

सहा-सात आठवडे असे झाले की फोनवर त्याच्या दोन चित्रफिती घ्या. एक ऑफसाइडने, क्रीजच्या रेषेत, कमरेच्या उंचीवरून; दुसरी चेंडू टाकणाऱ्याच्या पाठीमागून. फोनमध्ये स्लो मोशन असेल तर तीच वापरा. सेकंदाला १२० चित्रे मिळाली तर डीव्हीडीत जे दिसत नाही तेही तुमच्या मुलाच्या बाबतीत दिसेल. प्रत्येक चित्रफितीत सलग बारा चेंडू असू द्या, चांगले खेळलेले निवडून काढू नका, आणि त्याचे ‘पुढे’, ‘मागे’ हे शब्द ऐकू यायला हवेत. मग एखाद्या रविवारी सकाळी साडेसहाला त्याला परभणीला नेटवर घेऊन या. सोबत ती वही, त्याची नेहमीची बॅट आणि त्या दोन चित्रफिती आणा. मी आधी त्या पाहीन, मग त्याला स्वतः चेंडू टाकीन, आणि पुढच्या दोन महिन्यांत त्या संचातला कोणता भाग पाहायचा हे त्या सकाळी आपण तिघे मिळून ठरवू.